इमर्जन्सी ४ मध्ये मुंबई: बंब, १०८ आणि कंट्रोल रूम खरे वाटावेत म्हणून काय करायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबई मॉडचं (मॉड म्हणजे तयार गेममध्ये खेळणाऱ्यांनी स्वतः केलेले बदल) काम सुरू केल्यापासून मेसेज येतायत आणि त्यातले निम्मे तरी तेच तेच असतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एका जागी मांडलंय. साधे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे पुढे. एक गोष्ट दोनदा लिहिलेली नाही, जिथे संबंध येतो तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघा.

१. हा मॉड नेमका कुठल्या गेमसाठी आहे, आणि एवढा जुना गेम का धरलाय?

इमर्जन्सी ४. जर्मनीच्या सिक्स्टीन टन्स एंटरटेनमेंटचा २००६ चा गेम, अमेरिकेत तो ९११: फर्स्ट रिस्पॉन्डर्स या नावाने आला. जुना आहे पण त्याच्यासोबत एडिटर येतो, स्क्रिप्ट (गेममध्ये काय कधी होतं ते ठरवणारा कोड) उघडून बदलता येतात, फ्रीप्ले म्हणजे ठरलेल्या मिशनशिवाय मोकळं खेळणं आहे, आणि साध्या लॅपटॉपवरही चालतो. लॉस एंजेलिस मॉड ज्यांनी खेळलाय त्यांना माहितीये की या गेमला एका शहराचा स्वभाव देता येतो. मला तेच मुंबईसाठी करायचंय.

२. मी नवीन आहे. आधी गाडीचं मॉडेल बनवू का स्क्रिप्ट लिहू?

दोन्ही नको, आधी कागदावर वेळ लिहा. हे मी सगळ्यांना सांगतो आणि बहुतेकांना पटत नाही, कारण सगळ्यांना आधी लालभडक बंब स्क्रीनवर बघायचा असतो. पण बंब कितीही सुंदर बनवला आणि क्लिक केल्या केल्या तो आगीपाशी उभा राहिला तर ते खेळणंच वाटतं, आणि साध्या डब्यासारखं मॉडेल असलं पण वर्दी म्हणजे आगीची खबर आली, बेल वाजली, माणसं धावत गाडीत चढली, मग गेट उघडलं आणि पुढे सिग्नलला गर्दीत अडकली, तर छातीत धडधडतं.

माझ्या मॉडमध्ये एकच माप आहे: खऱ्यातली दहा मिनिटं म्हणजे गेममधलं एक मिनिट. सगळ्याला हेच लावायचं, पाण्याला, सिलिंडरला, रुग्णाच्या तब्येतीला, रस्त्याला. एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं लावलं की खेळणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही पण काहीतरी चुकलंय हे कळतं. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हे माप परत येणार आहे.

३. ट्रॅफिक उजवीकडून चालतोय, डावीकडे कसा आणायचा?

गेम जर्मन आहे म्हणून तसं. एडिटरमध्ये नागरी वाहतुकीच्या वाटा आपणच आखतो आणि त्यांची दिशाही आपणच देतो, त्यामुळे नवीन नकाशात सुरुवातीपासून डाव्या बाजूने आखा. ब्रिटिश मॉडवाल्यांनी हे आधीच केलेलं आहे. तयार जर्मन नकाशा उलटवायच्या भानगडीत पडू नका, वळणं आणि सिग्नल कुठेतरी राहतातच. आणि गाडीच्या मॉडेलमध्ये स्टिअरिंग उजवीकडे घ्यायला विसरू नका, जर्मन मॉडेल घेऊन नुसता रंग बदललेल्या गाड्यांत ही चूक हमखास सापडते.

४. फायर ब्रिगेडमध्ये कुठल्या कुठल्या गाड्या घ्याव्यात? सगळ्यांना बंबच म्हणायचं का?

रस्त्यावरचा माणूस सगळ्यांना बंबच म्हणतो, पण मेन्यूमध्ये वेगवेगळी नावं द्या. कमीत कमी एवढ्या हव्यात: वॉटर टेंडर म्हणजे नेहमीचा बंब, जंबो टँकर, छोटा क्विक रिस्पॉन्स बंब (का ते प्रश्न १५ मध्ये), रेस्क्यू व्हॅन, फोम टेंडर, टर्नटेबल लॅडर म्हणजे फिरती शिडी, आणि एक उंच हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म. मुंबईकडे ९० मीटरपर्यंत जाणारा प्लॅटफॉर्म आहे आणि सगळ्यांना तोच आधी हवा असतो, पण तो अगदी मोजका वापरायला द्या. एवढी गाडी उभी करायला सपाट, मोकळी, टणक जागा लागते, चारही बाजूंनी पाय पसरतात, ते टेकवून गाडी लेव्हलला येईपर्यंत वेळ जातो. माझ्या मॉडमध्ये त्याच्याभोवती मोकळा चौकोन नसेल तर तो उघडतच नाही.

अधिकारी पण विसरू नका. फायरमन, लीडिंग फायरमन, सब ऑफिसर, स्टेशन ऑफिसर अशी चढण आहे आणि मोठ्या आगीत वरचे अधिकारी आपापल्या जीपने येतात. अधिकारी जागेवर पोचल्याशिवाय जादा कुमक मागता येणार नाही असं केलं तर खेळ एकदम बदलतो.

५. दिवे कुठल्या रंगाचे? निळे का लाल? अंबर पण बघितलेत मी.

मूळ गेममध्ये निळेच आहेत कारण जर्मनीत निळेच असतात. आपल्याकडे १ मे २०१७ पासून मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले आणि इमर्जन्सी कामाच्या गाड्यांना लाल, निळा, पांढरा असे मिश्र दिवे ठरले. म्हणून बंबावर आणि पोलिसांच्या गाडीवर लाल-निळी पट्टी बरोबर दिसते. तुमच्या मॉडचं साल २०१७ च्या आधीचं असेल तर व्हीआयपी गाडीवर लाल दिवा चालेल, पण मग बाकी सगळं पण त्याच सालचं ठेवा, म्हणजे ११२ नंबर नको (प्रश्न ९ बघा). अंबर दिवे महापालिकेच्या आणि रस्त्याच्या कामाच्या गाड्यांना ठेवा.

६. दिवे चालू आहेत पण डिस्को वाटतो. काय चुकतंय?

वेग जास्त आहे आणि सगळे दिवे एकाच ठेक्यात आहेत, दहातल्या नऊ जणांचं हेच असतं. युरोपात अशा दिव्यांचा जो नियम आहे त्यात सेकंदाला २ ते ४ वेळा लुकलुकणं बसतं. मी २ धरतो, कारण पडद्यावर सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा मोठा भाग चमकला तर फिटचा त्रास असलेल्यांना तो धोक्याचा आहे आणि खेळणाऱ्यांत असं कोणीतरी असणारच, हे मनावर घ्या.

दुसरं म्हणजे डावा आणि उजवा आळीपाळीने, मागचे थोडे उशिरा. दोन शेजारच्या गाड्यांचे दिवे कधीच एका तालात नसतात, म्हणून प्रत्येक गाडी निर्माण होताना स्क्रिप्टमधून सुरुवातीचा क्षण थोडा मागेपुढे करा. सहा बंब रात्री एका गल्लीत उभे असताना भिंतींवर जो लाल-निळा गोंधळ दिसतो तो याच्यामुळे येतो. आणि आग विझल्यावर कुलिंग चालू असताना निम्म्या गाड्यांचे दिवे बंद करा.

७. सायरन कुठला घेऊ? जर्मन आवाज बदलायचाय.

जर्मनीतला दोन सुरांचा हॉर्न आपल्या कानाला लगेच परका लागतो. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक सायरन, त्यात लांब चढत-उतरत जाणारा वेल आणि भराभर होणारा येल्प. मोकळ्या रस्त्यावर वेल, चौकाजवळ येल्प, असं स्क्रिप्टमध्ये बदललं तर फार छान वाटतं. वर ड्रायव्हरचा साधा हॉर्न पण हवा, कारण आपल्याकडचा ड्रायव्हर सायरन चालू असतानाही हॉर्न दाबतोच.

फाइल मोनो ठेवा, स्टीरिओ असेल तर आवाज कुठून येतोय ते कळत नाही. लूप जिथे जोडला जातो तिथे लाट शून्यावर असताना कापा, नाहीतर दर वेळी टक असा आवाज येतो. आणि स्टेशनच्या आतली बेल वेगळी रेकॉर्ड करा. सायरन सगळे करतात, बेल कोणी करत नाही, आणि खेळणाऱ्याला खुर्चीत सरसावून बसवते ती बेल.

८. अँब्युलन्सवर उलटी अक्षरं लिहायची का? सरकारी लोगो, खरे नंबर वापरले तर चालेल?

पुढच्या बॉनेटवर उलटी लिहायची, कारण पुढच्या ड्रायव्हरला आरशात ती सुलटी दिसतात. बाजूला आणि मागे सुलटी. टेक्श्चर, म्हणजे मॉडेलवर चढवलेलं चित्र, आरशासारखं दुमडलं की डाव्या बाजूचं मराठी उलटं होतं, ते रंगवायच्या आधी तपासा, प्रत्येक बाजूला टेक्श्चरमध्ये वेगळी जागा द्या.

राजमुद्रा वापरू नका, तिच्या वापरावर २००५ चा कायदा आहे. महापालिकेचं, पोलिसांचं खरं चिन्ह पण मी घेत नाही, त्याच आकाराचं आणि रंगाचं काहीतरी स्वतः काढतो, लांबून तसंच दिसतं. नंबर प्लेटवर एमएच ०१ किंवा एमएच ०२ एवढं पुरतं, पुढचे आकडे रस्त्यावर न दिसणारे असे बनवा. कुणाच्या गाडीचा फोटो काढून तोच नंबर टेक्श्चरमध्ये ढकलणं बरोबर नाही.

९. दादा, १००, १०१, १०२, १०८, ११२ एवढे नंबर आहेत, मॉडमध्ये कंट्रोल रूम एकच ठेवू ना?

नका ठेवू! मुंबईतल्या डिस्पॅचचा, म्हणजे फोन घेऊन गाड्या सोडण्याच्या कामाचा, खरा स्वभाव इथेच आहे.

१०१ लावला तर फोन फायर ब्रिगेडच्या कंट्रोलला, भायखळ्याला मुख्यालय आहे. १०० पोलिसांचा. १०८ लावला तर फोन पुण्यात औंधला जातो, तिथे अख्ख्या महाराष्ट्राच्या अँब्युलन्सचं केंद्र आहे आणि तिथून तुमच्या जवळची गाडी सोडली जाते. १०२ गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांसाठी. ११२ हा सगळ्यांचा मिळून नवा नंबर. शिवाय महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ आहे, झाड पडलं, पाणी तुंबलं की लोक तो लावतात.

आता विचार करा, चाळीत आग लागली, चार जण भाजले. एकाने १०१ लावला, एकाने १००, एक बाई १०८ ला पुण्याला सांगतायत की आमच्या इथे या. तिघांकडे तीन तुकडे आहेत. फायर कंट्रोलला जखमी किती ते माहीत नाही, १०८ ला आग अजून चालू आहे ते माहीत नाही. हे तुकडे जुळायला जो वेळ लागतो तो गेममध्ये आला पाहिजे. मी काय केलंय, प्रत्येक कंट्रोलची वेगळी खिडकी आहे आणि एका खिडकीतली माहिती दुसरीत न्यायची असेल तर खेळणाऱ्याने 'कळवा' दाबायचं, आणि त्याला गेममधले ५ सेकंद लागतात, म्हणजे खऱ्यातलं जवळजवळ एक मिनिट. ११२ ची खिडकी उघडली तर हे आपोआप होतं. दोन्ही पद्धतीने खेळून बघा म्हणजे एक नंबर का आणला ते अंगातून कळेल.

माझ्या आत्याच्या इमारतीत मीटर बॉक्सने पेट घेतला तेव्हा मी स्वतः जिन्यात उभा राहून दोन नंबर लावलेत आणि दोन्हीकडे पत्ता पहिल्यापासून सांगितलाय, ती दोन मिनिटं मला अजून आठवतात, हे खिडक्यांचं डिझाइन तिथूनच आलंय.

१०. वर्दी आल्यावर नकाशावर लगेच लाल ठिपका येतो. हे खरं आहे का?

नाही, आणि हा बदल सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त खरेपणा देतो.

आपल्याकडे लोक पत्ता खुणेने सांगतात. "मारुती मंदिराच्या मागे", "शाळेच्या बाजूची गल्ली", "टॉवरसमोर, कुठल्या काय विचारता, इथे एकच टॉवर आहे". आणि साईकृपा नावाच्या सोसायट्या तर प्रत्येक वॉर्डात निघतील. म्हणून माझ्याकडे पहिल्या फोनला ठिपका येत नाही, मोठं वर्तुळ येतं. दुसरा फोन आला की वर्तुळ लहान होतं, तिसऱ्याला आणखी. पहिला बंब त्या वर्तुळात शिरला आणि धूर दिसला की मगच नेमकी जागा उघडते. रात्री, पावसात धूर दिसायला वेळ लागतो म्हणून वर्तुळ उशिरा मिटतं.

आता यातली खोच. एकाच आगीचे दहा फोन येतात आणि दहा जण दहा खुणा सांगतात, त्यामुळे दोन वर्तुळं शेजारी शेजारी आली तर ती एकच आग आहे का दोन वेगळ्या, हे खेळणाऱ्याला ठरवावं लागतं. एकच धरलं आणि दोन निघाल्या तर दुसऱ्या घरातले लोक वाट बघत राहतात. दोन धरल्या आणि एकच निघाली तर बंब वाया गेला. मी बरोबर उत्तर कुठेच दाखवत नाही. फोन करणाऱ्याने दुकानाचं नाव घेतलंय का, कितवा मजला सांगितलाय, त्यावरून ठरवायचं.

थोड्या खोट्या वर्द्या पण ठेवा, पण त्या ओळखायची सोय देऊ नका. खोटी वाटली तरी बंब निघतोच.

११. एका आगीला किती बंब पाठवायचे? लेव्हल १, २ ऐकलंय बातम्यांत, ते काय?

मुंबईत आगीला लेव्हल देतात, १ म्हणजे लहान आणि ४ म्हणजे मोठी आणीबाणी. ती जागेवरचा अधिकारी परिस्थिती बघून जाहीर करतो आणि वाढवत नेतो. मॉडमध्ये लोक चूक करतात ती अशी की आग निर्माण होतानाच तिला लेव्हल चिकटवतात. असं नको. आग वाढते, अधिकारी पोचतो, बघतो, मग लेव्हल वाढवतो, मग जादा गाड्या सुटतात.

माझ्या मॉडमधले आकडे सांगतो, हे दलाचे नियम नाहीत, खेळ जमावा म्हणून मी ठरवलेत: पहिल्या वर्दीला दोन बंब आणि एक अँब्युलन्स, लेव्हल २ ला आणखी तीन आणि एक जंबो टँकर, ३ ला शिडी आणि रेस्क्यू व्हॅन धरून आणखी पाच, ४ ला शेजारच्या सगळ्या स्टेशनांतून. ४ लागलं की बाकी शहर रिकामं होतं आणि नेमकी तेव्हाच कुठेतरी लिफ्टमध्ये आजोबा अडकतात. मागची स्टेशनं रिकामी ठेवायची नाहीत, तिथे लांबच्या स्टेशनातून एक बंब आणून उभा करायचा, हे शिकायला खेळणाऱ्याला चार-पाच वेळा हरावं लागतं.

१२. पाणी कधीच संपत नाही, ते कसं करू?

साधं गणित आहे. नेहमीच्या वॉटर टेंडरची टाकी साधारण ४,५०० लिटर धरा. एक ब्रँच म्हणजे नळीच्या टोकाची तोटी मिनिटाला साधारण ४५० लिटर फेकते. म्हणजे एका नळीला १० मिनिटं, दोन लावल्या तर ५. आपल्या मापाने गेममध्ये एका नळीला १ मिनिट. एवढंच!

हे लावलं की जंबो टँकर का लागतो ते आपोआप समजतं, एक टँकर रिकामा होऊन भरायला जातो तोवर दुसरा आलेला हवा. हायड्रंट म्हणजे रस्त्यावरचे आगीसाठीचे नळ ठेवा पण सगळे चालू ठेवू नका, काहींवर गाडी पार्क केलेली, काहींना दाब कमी. आणि लोक विचारतात की समुद्र आहे ना, त्यातून का घेत नाही. घेता येतं, पंप पाण्याजवळ नेता आला तर, म्हणून मी फक्त गोदीच्या आणि बंदराच्या भागात ते ठेवलंय.

१३. फायरमन धुरात किती वेळ राहू शकतो?

पाठीवरचा ६ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला तर हवा १,८०० लिटर. काम करणारा माणूस मिनिटाला साधारण ४० लिटर ओढतो, म्हणजे ४५ मिनिटं, पण शेवटची हवा बाहेर यायला राखून ठेवावी लागते, म्हणून कामाची ३० मिनिटं धरा. गेममध्ये ३ मिनिटं. जिने चढायला लावले तर त्यातून आणखी कापा. हवा संपत आल्याची शिट्टी वाजायला लागली की खेळणाऱ्याने माणूस बाहेर काढायचा, नाही काढला तर तोच दुसरी वर्दी होतो. दोन-दोनच्या जोडीने आत पाठवा, एकटा कधीच नाही, स्क्रिप्टमध्येच अडवा.

१४. ट्रॅफिक बाजूला होतच नाही. बग आहे का? का मुद्दाम केलंय?

मुद्दाम केलंय पण पूर्ण अडवलेलं नाही. वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ ई खाली १०,००० रुपये दंड आहे, आणि खरं सांगायचं तर मुंबईत बरेच लोक वाट द्यायचा मनापासून प्रयत्न करतात, पण सरकायला जागाच नसते. रिक्षा सरकते, बस सरकू शकत नाही. म्हणून मी गाडीच्या आकारावर ठेवलंय: दुचाकी लगेच, रिक्षा जरा वेळाने, बस आणि ट्रक फक्त मोकळी जागा मिळाली तरच. पुढे एक ट्रॅफिक पोलीस उभा केला तर त्या चौकाचा वेळ निम्मा होतो. पोलीस आधी पाठवायचा का बंब आधी, हा निर्णय इथूनच तयार होतो.

दोन इमर्जन्सी गाड्या चौकात समोरासमोर आल्या तर काय, हेही येतं. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत क्रम दिलाय, आधी बंब, मग अँब्युलन्स, मग पोलीस. स्क्रिप्टमध्ये तोच लावा. अवयव नेणाऱ्या ग्रीन कॉरिडॉरचं मिशन करणार असाल तर तेवढ्यापुरता सिग्नल पोलिसांच्या हातात द्या.

१५. बंब गल्लीत शिरत नाही, पाथफाइंडिंग (गाडीने आपली वाट शोधणं) बिघडलंय का?

बिघडलेलं नाही, गल्ली अरुंद आहे. मोठा बंब जिथे शिरणार नाही तिथे क्विक रिस्पॉन्सचा छोटा बंब पाठवा, किंवा मोठा तोंडाशी उभा करून नळ्या जोडत न्या. ६३ मिलिमीटरची नळी, एक लांबी १५ मीटर, शंभर मीटर आत जायचं तर सात नळ्या, आणि प्रत्येक जोडायला वेळ. डबल पार्किंग केलेल्या गाड्या उचलायला टोइंग व्हॅन पण ठेवली आहे. १०८ च्या बाइक अँब्युलन्स मुंबईत २०१७ मध्ये आल्या त्या याच कारणाने. बाइकवरचा डॉक्टर आधी पोचतो, उपचार सुरू करतो, पण रुग्णाला नेऊ शकत नाही, हे स्क्रिप्टमध्ये नीट लिहा, नाहीतर लोक बाइकवर स्ट्रेचर शोधत बसतात.

१६. मूळ गेममध्ये डॉक्टर वेगळ्या गाडीने येतो. तुमच्याकडे ती गाडीच नाही, विसरलात का?

विसरलो नाही. जर्मनीत इमर्जन्सी डॉक्टर आपल्या छोट्या गाडीतून येतो आणि अँब्युलन्स वेगळी, दोघं जागेवर भेटतात. महाराष्ट्राच्या १०८ मध्ये डॉक्टर अँब्युलन्समध्येच असतो, अगदी साध्या बेसिक गाडीतही, बाकीच्या राज्यांत बहुतेक ठिकाणी तंत्रज्ञ असतो. ड्रायव्हरला पायलट म्हणतात. ही सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली, २३३ अॅडव्हान्स्ड (गंभीर रुग्णांसाठी जास्त साधनं असलेल्या) आणि ७०४ बेसिक. हेच प्रमाण मॉडमध्ये ठेवा, म्हणजे चारांत एक अॅडव्हान्स्ड. लोक सगळ्या अॅडव्हान्स्डच मागतात आणि मग निवड करायला काही उरतच नाही.

पोचायचा वेळ शहरात २० मिनिटं धरलाय, म्हणजे गेममध्ये २. गोल्डन अवर, म्हणजे जखमीला वाचवायचा पहिला तास, गेममध्ये ६ मिनिटं, त्यातली दोन येण्यात गेली, मग जागेवर किती थांबायचं आणि सायनच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं का जवळच्या छोट्या हॉस्पिटलात, हे खेळणाऱ्यावर.

१७. काही जखमी अँब्युलन्स यायच्या आधीच गायब होतात. हा तरी बग असेल?

हा पण नाही. आपल्याकडे कितीतरी जखमी टॅक्सीने, रिक्षाने, पोलिसांच्या गाडीने हॉस्पिटलात पोचतात. शेजारीपाजारी उचलून नेतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीत मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून कलम १३४ ए आलंय. जे चालू शकतात ते लवकर जातात, गंभीर मागे राहतात. अडचण अशी की जवळच्या हॉस्पिटलात एकदम गर्दी होते आणि तुमची अँब्युलन्स तिथे पोचली की दारात थांबते. हॉस्पिटलच्या खिडकीवर आकडा दिसतो, तो बघून गाडी वळवा.

१८. पाणी मारलं तर माझा फायरमन शॉक लागून पडतो. हे काय?

वीज बंद केली नाही तुम्ही. दक्षिण मुंबईत बेस्टचा माणूस बोलवावा लागतो, उपनगरात बहुतेक ठिकाणी अदानीचा, आणि गॅसची पाइपलाइन असेल तर महानगर गॅसचा. तिन्हीची छोटी गाडी मेन्यूमध्ये शेवटच्या पानावर आहे, लोक तिथपर्यंत जातच नाहीत. पहिल्या वर्दीलाच बोलवा.

१९. पावसाळ्याचा मोड चालू केला की वर्द्यांचा पाऊस पडतो, कमी करता येतील का?

सेटिंग आहे, पण एकदा तरी पूर्ण खेळा. झाड पडलं, भिंत पडली, शॉर्ट सर्किट, तळघरात पाणी, जुन्या इमारतीचा भाग कोसळला, सगळं एकाच दुपारी. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, त्या दिवसाचं मिशन वेगळं बनवलंय आणि त्यात निम्म्या रस्त्यांवर गाडी चालतच नाही. भरतीची वेळ पण जोडली आहे, भरती असताना पाणी उतरत नाही.

एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) लगेच का येत नाही असं पण विचारतात. त्यांची ५ वी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे, तिथून यायला तास लागतात. पावसाळ्यात टीम आधी आणून ठेवतात, तसं तुम्हीही दिवस सुरू व्हायच्या आधी मागून ठेवू शकता, पण मग ती एकाच ठिकाणी बसते. कुठे बसवायची ते अंदाजाने.

२०. एक तास खेळल्यावर गेम बंद पडतो.

गेम ३२ बिटचा आहे, मेमरी भरते. गाड्यांची टेक्श्चर ५१२ किंवा फार तर १,०२४ ठेवा, त्याहून मोठी नको. ४ जीबी मेमरी वापरू देणारा छोटा पॅच लावा. विझलेल्या आगीचे उरलेले अदृश्य ऑब्जेक्ट स्क्रिप्टमधून पुसा, ते साचतात.

२१. हेच सगळं जीटीए ५ या दुसऱ्या गेमसाठी होईल का?

गाड्या आणि दिवे होतील, डिस्पॅच वेगळं लिहावं लागेल. तिथे दिव्यांचा ठेका ३२ घरांच्या पट्टीत एक-शून्य भरून देतात आणि वेग वेगळा, त्यामुळे प्रश्न ६ मधलं सगळं तिथे आणखी सोपं आहे. पण तिथे तुम्ही एका गाडीत बसलेले असता, आणि प्रश्न ९ ते ११ ची मजा सगळीकडे वरून बघण्यात आहे.

२२. १९४४ च्या गोदीतल्या स्फोटाचं मिशन करणार का? करणं बरोबर आहे का?

हा प्रश्न सगळ्यात उशिरा यायला लागला आणि मी यावर बरेच दिवस विचार केलाय. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकीन जहाज. कापसाच्या गाठी आणि त्यासोबत सुमारे १,४०० टन स्फोटकं. दुपारी आग लक्षात आली, बंब आले, पाणी मारत राहिले, आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. फायर ब्रिगेडची ६६ माणसं गेली. दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी.

करतोय, पण काही गोष्टी ठरवून. कुणाचंही खरं नाव नाही. गुण नाहीत, तारे नाहीत. स्फोट थांबवता येत नाही, काहीही केलं तरी. खेळणाऱ्याच्या हातात दोनच गोष्टी आहेत, आसपासची माणसं किती लांब नेता येतात आणि स्फोटानंतर शहरभर उठलेल्या आगींना उरलेल्या गाड्या कशा पुरवायच्या.

आणि डिस्पॅचचा भाग असा: स्फोटकं असलेल्या जहाजावर लाल बावटा लावायचा असतो, फोर्ट स्टिकीनवर तो नव्हता. म्हणून मिशनमध्ये पहिली वर्दी येते ती नुसती "जहाजावर कापसाला आग" एवढीच. मालाची यादी कंट्रोलच्या खिडकीत नंतर उघडते, आणि ती उघडते तेव्हा तुमचे बंब धक्क्यावर पोचून नळ्या जोडून झालेल्या असतात.